नव्वद तासांचा हिशेब कोण ठेवतं?

कॅम्पसवर कंपनी आली की आधी प्रेझेंटेशन होतं. ऑडिटोरियमचा एसी त्या दिवशी हमखास चालू असतो. पडद्यावर ड्रोननं शूट केलेला पूल, बोगदा, धरण आणि मागे छातीत धडधड होईल असं म्युझिक. मग पॅकेजची स्लाइड येते आणि सगळे मोबाइल उंच करून फोटो काढतात. 'काही प्रश्न?' असं विचारलं की ठरलेले तीन येतात. सीटीसीत व्हेरिएबल किती, पोस्टिंग कुठे, बॉंड आहे का. कामाचे तास किती, हे कुणीच विचारत नाही. विचारणारा आळशी दिसतो ना!

तो प्रश्न मग जानेवारी 2025 मध्ये कंपनीच्याच अध्यक्षांनी आपल्यासाठी चर्चेत आणला. लार्सन अँड टुब्रोचे, म्हणजे एल अँड टीचे, अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा कर्मचाऱ्यांसोबतच्या एका अंतर्गत संवादाचा व्हिडिओ बाहेर आला. शनिवारी काम का करायला लावता, असा विषय होता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की तुम्हाला रविवारीही कामाला लावता येत नाही याची मला खंत वाटते, मी स्वतः रविवारी काम करतो. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार? आणि पुढे एका चिनी माणसाचा दाखला. चिनी लोक आठवड्याला 90 तास राबतात, अमेरिकन 50, म्हणून चीन पुढे जाणार.

पुढचे चार दिवस मीम्सचे होते. हर्ष गोएंकांनी रविवारचं नवं बारसं सुचवलं, आनंद महिंद्रांनी तरुणांच्या एका कार्यक्रमात बायकोकडे बघायला मला आवडतं असं सांगून टाळ्या घेतल्या. असाधारण निकाल हवे असतील तर असाधारण मेहनत लागते आणि आम्ही राष्ट्र उभारणीचं काम करतो, असा कंपनीचा खुलासा आला. मग कुणीतरी वार्षिक अहवाल उघडला. 2023-24 मध्ये अध्यक्षांना मिळाले सुमारे 51 कोटी रुपये, कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या 534 पट. तो स्क्रीनशॉट प्रत्येक हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरला असेल. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींचे 70 तास झालेच होते. त्यामुळे वाद लगेच 'सत्तर की नव्वद' असा लिलावाच्या बोलीसारखा रंगला आणि तसाच विरून गेला.

मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की आपण चुकीच्या आकड्यावर भांडलो.

आधी साधं गणित करू. आठवड्याला 90 तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ 13 तास. रविवार सोडला तर रोज 15. त्यात जाणं-येणं, जेवण, झोप बसवून बघा. जमत नाही ना? पण इंजिनीअरिंग कंपनीच्या साइटवर कधी राहिला असाल, तर हा आकडा तुम्हाला अशक्य वाटणार नाही. मलाही वाटला नव्हता. सिव्हिल झाल्यावर मी दोन वर्षं विदर्भातल्या एका पुलाच्या कामावर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. ती एल अँड टी नव्हती एवढंच सांगतो, उगाच कुणावर बिल फाटायला नको. त्या दोन वर्षांत 90 तासांचे आठवडे मी पाहिलेत. 50 तासांचेही पाहिलेत. दमवणूक आकड्यानं ठरत नाही, हे तिथं कळलं.

पिअर कॅपचं काँक्रीटिंग सुरू झालं की ते मध्ये थांबवता येत नाही. थांबलात तर जुना आणि नवा माल नीट धरत नाही, कोल्ड जॉइंट येतो आणि तो पुलाच्या जन्माला पुरतो. म्हणून ट्रान्झिट मिक्सरची रांग लागलेली असते, पंप धडधडत असतो, व्हायब्रेटर नीट फिरतोय का बघायला तुम्ही वर उभे असता. सकाळी सहाला चढलेला माणूस रात्री दहाला उतरतो. पाय भरून येतात. पण त्या रात्री मेसमध्ये थंड झालेली वांग्याची भाजी खाताना कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. उलट फोटो काढून घरी पाठवायचो. आईला त्यातलं काही कळायचं नाही, तरी ती शेजारी दाखवायची.

दमवायचे ते दुसरे तास. ड्रॉइंग कन्सल्टंटकडून मंजूर होऊन यायचंय, म्हणून बसा. सळईची बांधणी तपासायला क्लायंटचा इंजिनीअर सकाळी अकराला येणार होता, तो चारला येतो, म्हणून बसा. पंप बिघडला, पार्ट नागपूरहून येतोय, बसा. महिनाअखेरीला आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं हप्त्याचं बिल, क्लायंटकडे जायचं असतं. महिनाभर ज्या नोंदी रोजच्या रोज व्हायला हव्या होत्या, त्या तीन रात्रींत तयार करायच्या, म्हणून बसा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काहीच काम नसताना, फक्त प्रोजेक्ट मॅनेजर अजून केबिनमध्ये आहे म्हणून बसा. आम्ही त्याला 'तोंडदेखला ओव्हरटाइम' म्हणायचो. साडेआठला सर पाण्याची बाटली उचलायचे आणि अख्खं ऑफिस एका सुरात लॅपटॉप बंद करायचं.

माझ्यासोबतच्या एका मुलानं पावसाळ्याच्या तोंडावर एक आठवडा मोबाइलच्या नोट्समध्ये तास लिहून ठेवले होते. एकूण 78 भरले. त्यातले 23 निव्वळ वाट बघण्यात गेलेले. त्यानं ते मेसमध्ये वाचून दाखवलं तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, त्या साइटवरचा सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट तोच होता आणि तो कुणाला पाठवायची सोय नव्हती.

कारण साइटवर सगळ्याची नोंद असते. सिमेंटच्या गोणीची, डिझेलच्या लिटरची, क्यूब टेस्टची, जेसीबीच्या तासांची. मजुरांच्या तासांचीसुद्धा. मुकादमाच्या वहीत प्रत्येक हेल्परपुढे एक हजेरी, दीड हजेरी असं लिहिलेलं असतं आणि खाली सही माझी! बाकी सगळ्यांच्या तासांवर मी सह्या करायचो, माझे कुठेच लिहिलेले नसायचे. कॅम्प ऑफिसात अंगठ्याचं मशीन होतं, पण ते फक्त आलाय की नाही एवढंच सांगायचं. जेसीबी रिकामा उभा राहिला तर भाडं चढतं, म्हणून मॅनेजर ओरडतो. इंजिनीअर रिकामा बसून राहिला तर कुणाचं काहीच जात नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीची उधळपट्टी होते, तशी ती आमच्या तासांची व्हायची.

हे एकट्या मॅनेजरचं पाप नाही. कायदाच तसा बांधलेला आहे. केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांतही दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास हीच चौकट आहे, जादा कामाला कामगाराची संमती हवी आणि पैसे दुप्पट दरानं हवेत. वाचायला छान आहे. पण हे सगळं 'कामगारा'साठी. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत. सुपरवायझरचं काम करून महिना 18 हजारांच्या वर पगार घेणारेही येत नाहीत. तुमच्या ऑफर लेटरवर 'ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी' असतं, वर्षभरानं 'असिस्टंट मॅनेजर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' होतं. घरी पेढे वाटले जातात आणि तुम्ही त्या चौकटीच्या बाहेर गेलात असं कंपनी धरून चालते. हाताखाली एकही माणूस नसला तरी!

यात एक बारकावा आहे. कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक काम' हाही शब्द आहे आणि पदाच्या नावापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघायचं, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलंय. म्हणजे दिवसभर ड्रॉइंग काढणारी एखादी डिझाइन इंजिनीअर कागदावर भांडू शकते. पण नोकरी लागून आठ महिने झालेली, एज्युकेशन लोनचे हप्ते भरणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरगी लेबर कोर्टाची पायरी चढेल का? तुम्हीच सांगा.

बरं, ज्यांचे तास वहीत लिहिले जातात त्यांचं तरी बरं चाललंय का? दीड हजेरी म्हणजे बारा तास. आठ तास साधे आणि वरचे चार दुप्पट दरानं धरले, तर कायद्याच्या हिशेबानं दोन हजेऱ्या व्हायला हव्यात. साइटवर मिळते दीड. हे गणित मला तेव्हा येत होतं आणि तरीही मी सह्या केल्या. त्यामुळे इंजिनीअर म्हणजे बिचारा, असं चित्र रंगवायला मी धजावत नाही.

राज्य सरकारचंही ऐकून ठेवा. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांत रोजची मर्यादा नऊवरून बारा तास आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानं-कार्यालयांत नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेच ठेवले, ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला 144 तासांपर्यंत नेली. तिमाहीचे तेरा आठवडे धरले तर आठवड्याला सरासरी अकरा तास जादा. म्हणजे उद्योगांच्या सोयीसाठी नियम सैल केल्यावरही बेरीज होते 59. नव्वद कुठून आणायचे? 59 च्या पुढचे सगळे तास न मोजलेल्या माणसांकडूनच येऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2021 मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो, असं त्यात आढळलं. पुण्यात एका बड्या ऑडिट कंपनीतली 26 वर्षांची सीए जुलै 2024 मध्ये गेली आणि तिच्या आईनं कंपनीला लिहिलेलं पत्र सप्टेंबरात सगळ्यांनी वाचलं. ती इंजिनीअर नव्हती. पण तिच्याही तासांचा प्रश्न तोच होता.

आता अध्यक्षांच्या रविवारच्या खंतीबद्दल. ज्या मुंबईत या कंपनीचं मुख्यालय आहे, त्याच मुंबईत रविवारची सुट्टी मिळवण्यासाठी गिरणी कामगारांना काही वर्षं झगडावं लागलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, निवेदनं दिली आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात आणि त्या परीक्षेला येत नाहीत, म्हणून आपण त्या सोडून देतो.

एल अँड टीचा स्वतःचा इतिहास तर अजून गमतीचा आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनीअरांनी 1938 मध्ये मुंबईत ती सुरू केली. पहिलं ऑफिस एवढंसं होतं, की एका वेळी दोघांपैकी एकालाच बसता यायचं. पुढे कंपनी मोठी झाली. 2001 च्या सुमारास बिर्ला समूहानं तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि आता आपण बिर्लांचे होणार असं सगळ्यांना वाटलं. शेवटी सिमेंटचा धंदा वेगळा होऊन बिर्लांकडे गेला, तोच आजचा अल्ट्राटेक, आणि बिर्लांचे शेअर्स कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टनं विकत घेतले. आजही त्या ट्रस्टकडे तेरा-चौदा टक्के हिस्सा आहे. कुठल्याही घराण्याच्या मालकीची नसलेली आणि कर्मचाऱ्यांचा एवढा वाटा असलेली कंपनी आपल्याकडे शोधून सापडणं कठीण. आणि तिथेच रविवारचा प्रश्न उभा राहावा! मालकीत वाटा असला तरी आपल्या वेळेवर हक्क असतोच असं नाही.

बायकोकडे बघण्याच्या वाक्यावर खूप विनोद झाले, पण त्यातली खोच बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली. त्या वाक्यातला कर्मचारी पुरुष आहे. त्याच्या घरी कुणीतरी आहे, ती डबा करते, त्याच्या आईबापांचं बघते, मुलांचा अभ्यास घेते, म्हणून तर हा तेरा तास बाहेर राहू शकतो. कर्मचारीच बाई असेल तर? दोन महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये, याच अध्यक्षांनी महिला दिनाच्या कार्यक्रमात महिला कर्मचाऱ्यांसाठी महिन्यातून एक दिवस पाळीची पगारी रजा जाहीर केली. निर्णय चांगलाच आहे. त्या वेळी आलेल्या बातम्यांतून कळलं, की साठेक हजार कर्मचाऱ्यांत बायका साधारण पाच हजार, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास. आमच्या साइटवर एकच मुलगी इंजिनीअर होती. तिला कामावर स्वच्छतागृह नव्हतं, कॅम्पपर्यंत गाडी मागवावी लागायची. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. विदर्भाच्या मे महिन्यात.

मग अशा कंपन्यांत जाऊच नये का? असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर आजही पूल दिसला की मी गाडीच्या खिडकीतून बेअरिंग बघतो. मुंबईच्या कोस्टल रोडचा जुळा बोगदा खणणारं 'मावळा' हे मशीन बारा मीटरपेक्षा जास्त व्यासाचं होतं. काम एल अँड टीचं. अटल सेतूच्या तीन मुख्य पॅकेजेसपैकी दोन त्यांच्याकडे होती. बाविसाव्या वर्षी एवढ्या मोठ्या कामाचा छोटासा तुकडा तुमच्या नावावर येतो, तिथं जे शिकायला मिळतं ते आठ सेमिस्टरमध्ये मिळत नाही. सुब्रह्मण्यन स्वतः 1984 मध्ये प्लॅनिंग इंजिनीअर म्हणून लागले आणि तिथूनच वर चढत गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईतल्या एका कार्यक्रमात ते म्हणाले, की मी लागलो तेव्हा साहेब सांगायचे, चेन्नईचा आहेस ना, मग दिल्लीला जा. आज तसं सांगितलं तर पोरगं रामराम ठोकतं. त्याच भाषणात, मजूर गाव सोडून यायला तयार नाहीत, सरकारी योजनांमुळे त्यांना गरज वाटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावरही टीका झाली. पण यातला दिल्लीचा भाग मला अर्धा पटतो. पोस्टिंग लांब म्हणून नोकरी नाकारणारे माझ्याही बॅचमध्ये होते आणि त्यांचं नुकसान झालंच. उरलेला अर्धा पटत नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीला गेलेल्या पोराच्या खिशात रात्री अकराला वाजणारा व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हता.

त्या ग्रुपवर उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर 2025 मध्ये 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडलं. त्याच्यावर विसंबून राहू नका, 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. बॉंडच्या बाबतीतही 'तो काही कोर्टात टिकत नाही' हे सीनियरचं छातीठोक ज्ञान जरा बाजूला ठेवा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉंड वैध ठरवलाय. सही करण्याआधी वाचा, आणि बाबांनाही वाचायला द्या.

आणि पुढच्या प्रेझेंटेशनला प्रश्न विचारायचाच असेल, तर 'वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे' असा नको. त्याला 'आमच्याकडे फ्लेक्सिबल कल्चर आहे' असं गुळगुळीत उत्तर येतं. सरळ विचारा, की ट्रेनीचे तास नोंदवले जातात का? रविवारी काँक्रीटिंग असलं तर बदली सुट्टी कधी मिळते, आणि ती गेल्या वर्षी किती जणांनी खरोखर घेतली? साइटवर मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, की कॅम्पवर आहे? गेल्या वर्षी आमच्या कॉलेजमधून घेतलेल्यांपैकी आज किती जण आहेत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कंपनी देणार नसेल, तर ते तुमच्या सीनियरच्या बॅचच्या ग्रुपवर दहा मिनिटांत मिळतं.

गेल्या दिवाळीत तो तास लिहिणारा मित्र भेटला. अजून त्याच लायनीत आहे, दुसऱ्या कंपनीत, आता हाताखाली सहा ट्रेनी आहेत. अजून लिहितोस का, म्हणून विचारलं. म्हणाला, माझे नाही लिहीत, पोरांचे लिहितो. क्लायंटचा माणूस उशिरा आला की त्याला ती शीट दाखवतो. आता तो अकराला म्हणजे साडेअकरापर्यंत येतो.